फुली, बेचकी, नागमोडी

"फुली. मग बेचकी, कंसात एक वजा फुली. मग नागमोडी, कंसात एक वजा फुली."

फळ्यावर होतं तेवढं मी वाचलं आणि थांबले. पुण्याहून आलेले पाहुणे खडू हातात धरून फळ्याशी उभे होते. बोलता बोलता त्यांनी तीन गोष्टी लिहिल्या होत्या आणि "हे बघा ना," असं म्हणून बाजूला झाले होते. हिरेमठ सरांना बघता येत नव्हतं. लहानपणी देवी आल्या, त्यात दोन्ही डोळे गेले होते. त्यांच्यासाठी बघायचं काम माझं होतं.

"परत वाचा, बाई," सर म्हणाले.

मी परत वाचलं. त्याच आवाजात.

"ही क्रमिका नियमित आहे, याबद्दल तर काही प्रश्न नाही," पाहुणे म्हणाले. "आता फक्त क्रम बदला. पहिला शेवटी न्या. मधला पहिला करा."

सरांचा उजवा हात टेबलावर होता. गणित करताना त्यांची बोटं चालायची, बाजाच्या पेटीवर चालतात तशी. ती चालायला लागली. एका जागी थांबली, पुढं गेली, परत मागं आली. वर्गात प्राचार्य होते, गणिताचे मास्तर होते, वरच्या वर्गाची मुलं भिंतीला टेकून उभी होती. मला काय चाललंय ते कळत नव्हतं. सर सांगतील ते लिहायला मी खडू धरून उभी होते.

बोटं थांबली.

"बाई, पुसा."

"काय पुसू? पाव्हण्यांचं?"

"नाही. आपलं. सगळं पुसा."

फळ्याच्या डाव्या बाजूला सकाळपासून त्यांनी सांगितलेलं मी लिहीत आले होते. त्यांचं तीन वर्षांचं काम होतं ते. मी फडकं घेतलं आणि पुसलं. पाहुण्यांची ती तीन ओळींची गोष्ट तेवढी फळ्यावर राहिली.

माझं शिक्षण चौथीपर्यंत झालं. दिवाळी अंकवाल्यांनी लिहा म्हणून धरलं तेव्हा मी म्हटलं, माझं काम काय लिहिण्याजोगं नाही, मी लोकांना वाचून दाखवायची. ते म्हणाले, तेच लिहा. तर लिहिते.

सुरुवात विडीच्या कारखान्यात झाली. आम्ही बायका ओळीनं बसून विड्या वळायचो. निम्म्या जणी घरी तेलुगू बोलणाऱ्या होत्या, पण मराठी सगळ्यांना कळायचं. मला चांगलं वाचता येतं हे समजल्यावर त्यांनी मला पेपर धरून बसवलं. मी मोठ्यानं वाचायची, आणि माझ्या वाटच्या विड्या बाकीच्या वळून द्यायच्या. खून, अपघात आणि सिनेमाच्या जाहिराती. त्यातनं माझा आवाज बाहेर माहीत झाला आणि डोळे गेलेल्या, मोतीबिंदू झालेल्या लोकांच्या घरी मला बोलावणं यायला लागलं. पुढं विड्या सुटल्या, हेच काम राहिलं.

या कामाचे नियम मी स्वतःच शिकले. आहे ते वाचायचं. पुढं काय आहे ते आधी डोळ्यानं बघून ठेवायचं नाही. समोरचा सोडा म्हणाला की सोडायचं, थांबा म्हणाला की थांबायचं. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे आवाज बदलायचा नाही. मेल्याची बातमी असो की साखरेचा भाव, आवाज एकच. आवाज पडला की ऐकणाऱ्याला बातमी आवाजातनंच कळते आणि मग त्याला शब्द ऐकू येत नाहीत. शब्द पोचवायचे हेच तर काम होतं माझं.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. बार्शीचे एक आडते मोतीबिंदू झाल्यावर सोलापुरात लेकाकडं येऊन राहिले होते. त्यांना बाजारभावापलीकडं काही नको असायचं. तूर उतरली की माझ्याकडं पाठ करून बसायचे.

"तुझ्या तोंडाला भावच न्हाय," म्हणायचे. "काल ती शेजारची पोरगी वाचून गेली तर करडई चढली."

"मग तिलाच ठेवा की, आप्पा."

"ती हरभरा गाळती. तिला त्यो शब्द लागत न्हाय."

"मग ऱ्हावा उतरलेल्या तुरीवर."

राहिले. एक साहेब होते, नोकरीतनं निवृत्त झालेले. त्यांना आदल्या दिवसाचा पेपर लागायचा. ताजा नेला तर हात लावू देत नसत. "झालं असंल ते उद्यापत्तुर तसंच ऱ्हातंय की," म्हणायचे. अशा माणसांत माझे दिवस बरे जात होते.

हिरेमठ सर एका कॉलेजात गणित शिकवायचे. डोळे नसताना शिकले, वरच्या परीक्षा दिल्या, नोकरी मिळवली. ठिपक्यांच्या लिपीत वरच्या गणिताची पुस्तकं त्यांना कुठं मिळाली नाहीत, म्हणून वाचणारा माणूस लागायचा. माझ्या आधी कॉलेजची मुलं यायची. टिकायची नाहीत. मी गेले तेव्हा सरांनी एक पुस्तक पुढं सरकवलं.

"यात काय दिसतं ते सांगा."

"इंग्रजी दिसतंय. मला इंग्रजी येत न्हाई."

"येत नाही ते बरं. नुसतं दिसतं ते सांगा."

"फुली हाय. फुलीच्या पायाशी लहान एक. मग टिंब खाली, शेपटीचं. मग फुली, पायाशी लहान दोन."

सर हसले. मुलं पायाशी असलेलं वाचायची नाहीत, असं त्यांनी मागाहून सांगितलं. मुलांना अर्थ कळायचा, म्हणून ती गाळायची. मला काहीच कळत नव्हतं, म्हणून गाळायला जागाच नव्हती.

मग आम्ही नावं ठेवली. फुली होतीच. दुसरं अक्षर गलोलीच्या लाकडासारखं, ती बेचकी. तिसरं नागमोडी. दोन शिखरांचं अक्षर आलं त्याला डोंगर म्हटलं, आणि एक पाय पुढं टाकून उभं असतं त्याला लंगडा. सरांनी इंग्रजी मुळाक्षरं मला शिकवली, पण चिन्हांना आम्ही आमचीच नावं चालवली, कारण ती तोंडाला पटकन यायची. पुस्तकातलं चिन्ह मी बघायची आणि सरांच्या कानाशी फुली-बेचकी जायचं. कॉलेजात सर तास घ्यायचे तेव्हा फळ्यावर मी लिहायची. सर म्हणायचे, "लंगड्यावरचा डोंगर," की मुलं हसायची. मला मुलं फळ्यावरची मावशी म्हणायची. एकदा एकानं मुद्दाम विचारलं, "मावशी, ह्याचा अर्थ काय व्हतो?"

"अर्थ सरांकडं हाय. माझ्याकडं खडू हाय."

त्यानं वही उघडली.

सरांना मात्र वाटायचं, मला थोडं कळावं. एकदा त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाचा टोला ऐकला आणि म्हणाले, "बाई, घड्याळात बारानंतर काय येतं?"

"एक."

"म्हणजे बारा वाजले की घड्याळाच्या लेखी शून्य. आता तीन चोक किती?"

"बारा."

"म्हणजे घड्याळात शून्य. तीन शून्य नाही, चार शून्य नाही, पण दोघं एकत्र आले की शून्य. असे आकडे धोक्याचे. पाच तसा नाही. पाचाला घड्याळातल्या कुणाशीही गुणा, समोरचा शून्य नसेल तर उत्तर शून्य येत नाही."

हे मला कळलं. मग त्यांनी क्रमिका सांगितली. एक माल आहे, आमच्या भाषेत डोंगर. त्यावर मणी एकामागं एक लावायचे; हे मणी ज्या साठ्यातून येतात ते वलय, म्हणजे आमचा लंगडा. पहिला मणी असा हवा की त्यानं गुणल्यावर मालातलं काहीही शून्य होऊ नये. तो लावून झाला की त्याच्या गुणाकारातून जे जे येतं ते सगळं शून्य धरायचं. मग दुसरा मणी. त्यानं राहिलेल्या मालातलं काही शून्य करू नये. मग तिसरा. अशी जी ओळ लागते तिला नियमित क्रमिका म्हणायचं. आणि शेवटी माल साफ संपता कामा नये. आपल्या साध्या आकड्यांवर आधी दोन लावला आणि मग तीन लावला तर काहीच राहत नाही, म्हणून ती ओळ धरायची नाही. जास्तीत जास्त किती मणी लावता येतात, त्याला डोंगराची खोली म्हणतात.

"डोंगराला उंची असती सर. खोली हिरीला असती."

"हे मी पुढं कुठंतरी घालतो," ते म्हणाले. घातलं नाही.

सर यातच काम करत होते. त्या खोलीबद्दल काहीतरी नवीन त्यांना सापडलं होतं. ते रोज सकाळी सांगायचे आणि मी लिहून घ्यायची. सरांची बायको, गौरक्का, आत कामं करता करता ऐकायची. तिला गणित नको होतं, सरांना डॉक्टरेटची पदवी मिळायला हवी होती. कारण असं होतं की कॉलेजच्या संस्थेत काही लोक म्हणायला लागले होते, वरच्या वर्गांना डोळे नसलेला मास्तर कशाला. फळ्यावर बाई लिहिते, मास्तर नुसता बोलतो. त्यांना खालच्या वर्गांना अंकगणित शिकवायला घाला. प्राचार्य भले होते. त्यांनी सांगितलं, डॉक्टर झालात तर कुणाला तोंड उघडता येणार नाही, नाही झालात तर मला त्यांना थांबवता येणार नाही. तेव्हा सरांपुढं प्रश्न सरळ होता. काम मान्य झालं तर वरचे वर्ग राहणार, नाही तर जाणार. आणि वरचे वर्ग हेच सरांचं जगणं होतं. ते तिथं शिकवत असताना कुणी त्यांच्याकडं आंधळा म्हणून बघत नसे. त्या वर्गातनं घरी आले की त्यांचा चालताना हात भिंतीला लागायचा नाही. एरवी लागायचा.

पुण्याचे पाहुणे या विषयातले मोठे. सरांनी त्यांना लिहिलं, त्यांनी येतो म्हणून कळवलं. ऐकायचं, पसंत पडलं तर सरांना आपल्या हाताखाली डॉक्टरेटला घ्यायचं, असं ठरलं होतं. गौरक्कानं त्या दिवशी सकाळी माझ्या कपाळाकडं बघून म्हटलं, "कुंकू नीट लावा की. फळ्यासमोर उभं राहणार तुम्ही."

"मला कोण बगतंय?"

"सगळे तुमच्याकडंच बघतेत. ह्यांच्याकडं बघायला लाजतेत."

खरं होतं ते.

सरांनी दीडेक तास सांगितलं, मी लिहीत गेले. पाहुणे मान हलवत होते. त्यांना आवडत होतं, हे मला फळ्याशी उभ्यानं दिसत होतं. मग एके ठिकाणी सर म्हणाले, "आता हा मणी पुढं आणू." तिथं पाहुण्यांनी हात वर केला. म्हणाले, "पुढं कसा आणता?" सर म्हणाले, "नियमित क्रमिकेत क्रम बदलला तरी चालतो." पाहुणे जरा थांबले. मग उठले आणि ती तीन ओळींची गोष्ट लिहिली.

ती गोष्ट मला पुढं सरांनीच समजावली, म्हणून सांगते. फुली आधी लावली की फुली म्हणजे शून्य. मग एक वजा फुली म्हणजे नुसता एक. म्हणजे पुढं नुसती बेचकी आणि नुसती नागमोडी राहिली, त्यात काही खोट नाही. पण बेचकीवाला मणी आधी लावला तर फुली अजून जिवंत आहे. आता नागमोडीवाल्या मण्याला नुसत्या बेचकीनं गुणा. त्यात बेचकी आणि एक वजा फुली दोन्ही आले, म्हणजे पहिला मणी त्यात आख्खा आला, म्हणजे शून्य. आणि नुसती बेचकी तर शून्य नाही. घड्याळातल्या तीन आणि चारासारखं झालं. तेच तीन मणी, क्रम बदलला आणि ओळ मोडली.

सरांचं सगळं काम मणी पुढंमागं करण्यावर उभं होतं.

पाहुणे वाईट माणूस नव्हते. त्यांना वाटलं होतं सरांना हे माहीत असणार आणि ते काहीतरी उत्तर देतील. फळा पुसायला सांगितल्यावर त्यांचा चेहरा उतरला. चहाला ते सरांच्या घरी आले. गौरक्कानं चहा दिला, शेंगदाण्याचे लाडू दिले. कुणी लाडवाला हात लावला नाही.

"हिरेमठ, तुम्ही स्थानिक वलयांत काम करत होता का?" पाहुणे म्हणाले. "म्हणजे मालाच्या खालचं वलय एका विशिष्ट जातीचं धरून? तसं असेल तर क्रम बदलता येतो. तिथं तुमचं बरोबर आहे."

"नाही. मी सगळ्याच वलयांसाठी म्हणत होतो. पुस्तकात तसंच आहे."

"पुस्तकात असं नसणार."

"प्रमेय मला पाठ आहे. त्यात कुठं स्थानिक म्हटलेलं नाही."

"प्रकरणाच्या सुरुवातीला म्हटलं असेल. लोक एकदा म्हणतात आणि मग पुन्हा पुन्हा म्हणत नाहीत."

पाहुण्यांच्या गाडीची वेळ झाली होती. जाताना त्यांनी सरांचा हात बराच वेळ धरून ठेवला. म्हणाले, "मी दुसरा प्रश्न देतो. सोडू नका."

ते गेल्यावर सर म्हणाले, "बाई, निळं काढा."

निळं म्हणजे निळ्या पुठ्ठ्याचं पुस्तक. आमचं काम बहुतेक त्यावरच चालायचं. मी ते प्रकरण काढलं.

"सुरुवातीला काय आहे?"

"मजकूर हाय. इंग्रजी. चार बोटं."

"वाचा."

हा मजकूर मी कधी वाचला नव्हता. इंग्रजी शब्द मला अक्षर अक्षर सुटं सांगावं लागायचं आणि सर ते जोडायचे. एका ओळीला किती वेळ जायचा ते सांगून पटणार नाही. चिन्हं मात्र पटपट जायची. म्हणून पहिल्याच वर्षी सरांनी सांगितलं होतं, सुरुवातीचा मजकूर सोडा, तो गप्पांचा असतो. चिन्हं सुरू होतात तिथून धरा. प्रत्येक प्रकरण आम्ही तसंच धरलं होतं. डोळस माणूस अडलं की पान उलटून मागं बघतो. आम्हाला मागं बघायची सोयच नव्हती. मी वाचलं तेवढंच सरांच्या जगात होतं.

"टी, एच, आर, ओ, यू, जी, एच, ओ, यू, टी."

"बरं. पुढं."

मी सांगत गेले. सर जोडत गेले. गौरक्का कपबशा घेऊन उंबऱ्यात थांबली. 'या संपूर्ण प्रकरणात' झालं. 'सर्व वलयं' झालं. मग मी म्हटलं, "एल. ओ. सी. ए. एल."

सर 'पुढं' म्हणालेच नाहीत.

"ही दुसरीच ओळ हाय," मी म्हटलं. "अजून हाय खाली. सांगू?"

"नको. मिटा."

गौरक्काला एवढं कळलं की जे हवं होतं ते पुस्तकात होतं आणि ते वाचलं गेलं नव्हतं. ती माझ्याकडं वळली.

"तुम्ही हे आधी का वाचलं नाही?"

"सोडा म्हटलं म्हणून सोडलं."

"सोडा म्हटलं की सोडायचं?"

"व्हय. त्येच काम हाय माझं."

"गौरा, त्यांना बोलू नको," सर म्हणाले. "मीच सांगितलं होतं." मग कन्नडमधून तिला काहीतरी म्हणाले. ती कपबशा घेऊन आत गेली. आत बराच वेळ भांड्यांचा आवाज येत राहिला.

मी तेव्हा जे बोलले ते आजही बोलेन. चूक माझी नव्हती. सरांचीही म्हणवत नाही. ज्याला एक ओळ ऐकायला एवढा वेळ लागतो, तो काहीतरी सोडणारच. पण चूक कुणाची नसली म्हणजे वाईट वाटायचं राहतं, असं नाही.

दुसऱ्या दिवशी मी नेहमीच्या वेळेला गेले. मला वाटलं होतं, परत पाठवतील. सर खुर्चीत बसलेले होते, निळं पुस्तक समोर.

"पहिल्यापासून," ते म्हणाले. "मजकुरासकट. काही सोडायचं नाही."

"मुखपृष्ठ धरून?"

"मुखपृष्ठ धरून."

आम्ही ते पुस्तक पहिल्यापासून वाचलं. छापणाऱ्याचं नाव वाचलं, आभार वाचले. लेखकानं बायकोचे आभार मानले होते तेव्हा आतून गौरक्का म्हणाली, "बघा, शिका काहीतरी." सर हसले. त्यांनी ठरवलं होतं, सगळी वलयं सोडायची, फक्त स्थानिक वलयांपुरतं आपलं काम परत उभं करायचं. तिथं मणी पुढंमागं करता येतात, म्हणजे काम धरेल. लहान होईल, पण धरेल. पुण्याला तसं कळवलंही. काम धरत गेलं. बोटं परत टेबलावर चालायला लागली. गौरक्का लाडू करायला लागली.

ते पुस्तक आम्ही आधी अर्ध्यापर्यंतच वाचलेलं होतं. पुढच्या प्रकरणांची सरांना गरज पडली नव्हती. आता सगळंच वाचायचं ठरल्यामुळं पुढं गेलो. एका सकाळी मी वाचत होते. लंगडा, डोंगर, फुलीच्या पायाशी एक, असं नेहमीसारखं. सरांनी हात वर केला.

"परत वाचा."

मी परत वाचलं.

"हे आपलं आहे, बाई."

"आपलं कसं? ह्ये तर छापलंय."

"म्हणूनच."

त्यांनी जे लहान करून उभं केलं होतं, ते त्या पुस्तकात आधीच होतं, आमच्याहून थोडक्यात सांगितलेलं. मी पुढं वाचू का विचारलं. सर म्हणाले, वाचा. मी वाचत राहिले आणि ते ऐकत राहिले, ठरलेली वेळ संपेपर्यंत. माझा आवाज बदलला नाही. त्या सकाळी तो बदलला असता तर बरं झालं असतं की काय, हे मी पुष्कळदा मनात घोळवलं आहे. माझ्या जिभेला ती सवयच राहिली नव्हती.

पुण्याच्या पाहुण्यांनी शब्द पाळला. नवा प्रश्न पाठवला. त्यासाठी कोणती पुस्तकं आणि कोणते निबंध वाचायला लागतील तेही कळवलं. कॉलेजातल्या एका मास्तरांनी ते सगळं सरांना वाचून दाखवलं. सरांनी ऐकून घेतलं आणि मला विचारलं, "एवढं सगळं मजकुरासकट वाचायला आपल्याला किती दिवस लागतील?"

"मी मरंपत्तुर."

सर मोठ्यानं हसले. मग म्हणाले, "तुम्ही आधी मेलात तर?"

"मग दुसरी बगा. पर तिला पायाशी बगायला शिकवा."

ते परत हसले, पण पुण्याला त्यांनी नकार कळवला. संस्थेनं त्यांना खालच्या वर्गांना घातलं. अकरावी-बारावीचे वर्ग तेव्हा नवेच कॉलेजात आले होते, तिथं मास्तर हवेच होते. गौरक्का संस्थेच्या लोकांकडं जाऊन भांडून आली. त्यांनी तिला पाणी दिलं, बसायला खुर्ची दिली आणि काही केलं नाही.

खालच्या वर्गाच्या पहिल्या तासाला मी बरोबर होते. सर भिंतीला हात लावत गेले. वर्गात गोंधळ होता. सर उभे राहिले आणि म्हणाले, "घड्याळात बारानंतर काय येतं?" गोंधळ थोडा कमी झाला. तास संपला. येतानाही हात भिंतीलाच होता.

डोंगर, लंगडा, बेचकी हे शब्द त्यानंतर सरांनी कधी उच्चारले नाहीत. त्या वर्गांना त्यांची गरजही नव्हती. मी काही वर्षं फळ्यावर आकडे लिहिले. मग संस्थेनं दुसरा माणूस दिला, पँटवाला, आणि मी परत मोतीबिंदूवाल्यांकडं गेले. सरांकडं सकाळी पेपर वाचायला जायची ती शेवटपर्यंत गेले. ते पेपर ऐकायचे, कोड्यांचं सदर ऐकायचे. निळं पुस्तक कधी काढा म्हणाले नाहीत.

आता यंत्रं वाचून दाखवतात म्हणे. इंग्रजी मजकूर, मागचं पान, पुढचं पान, काय हवं ते. नातवंडं मला दाखवतात. मी बघते. मला वाईट वाटतं ते त्या ओळीचं नाही, पदवीचंही नाही. एवढं मोठं डोकं, आणि सगळं जग त्याच्यापर्यंत पोचत होतं ते माझ्या चौथी पास तोंडातनं, एकेक अक्षरानं. मी दिसेल ते सगळं दिलं. पण त्या माणसाला जेवढं लागत होतं तेवढं माझ्या तोंडातनं मावत नव्हतं. याला इलाज नव्हता. याची हळहळ मात्र आहे, आणि ती वयानं कमी झाली नाही.

सर त्या दिवसानंतर वीसेक वर्षं जगले आणि निवृत्त होईपर्यंत रोज शिकवायला गेले. गौरक्का त्यांच्या आधी गेली. पुण्याचे पाहुणे वारल्याचं मी सरांना पेपरातूनच वाचून दाखवलं होतं. प्राचार्यही नाहीत. त्या दिवशी फळ्याजवळ जे उभे होते, त्यांतली आता एकटी मी उरले आहे.